म्युनिक सोडायच्या आधीचे शेवटचे सहा आठवडे: कागदपत्रं, सामान आणि मित्र

मास्टर्स संपलं, थीसिस सबमिट झाला, भारतात परतीचं तिकीट काढलं आणि आता म्युनिकमधे पाच-सहा आठवडे उरलेत, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. बहुतेकांचं हे ऑगस्ट-सप्टेंबरमधे येतं, कारण उन्हाळी सेमिस्टर ३० सप्टेंबरला संपतं आणि हॉस्टेलचं कॉन्ट्रॅक्टही बऱ्याचदा तेव्हाच. दरवर्षी हेच बघते, शेवटच्या आठवड्यात कोणालाही फोन करा, एकतर गादी कुठे टाकायची याच्या मागे असतात नाहीतर बँकेच्या हेल्पलाइनवर अडकलेले असतात, आणि ज्या मित्रांबरोबर दोन-तीन वर्षं काढली त्यांची भेट एका गोंगाटाच्या पार्टीत उरकली जाते. त्यामुळे माझं म्हणणं एकच आहे: कागदाची कामं लवकर आणि ठरलेल्या दिवशीच करा, "अजून हे बघायचं राहिलं" ही यादी निर्दयपणे छोटी करा, आणि उरलेला सगळा वेळ तुमच्या माणसांबरोबर नेहमीसारखा घालवा. कसं ते क्रमाने सांगते.

१. पहिली यादी माणसांची

सहा आठवडे आधी एका कागदावर नावं लिहा. सगळी नाहीत हं, ज्यांना शांतपणे एकट्याला भेटल्याशिवाय जाववणार नाही तेवढीच. आठ-दहा होतात साधारण. प्रत्येक नावापुढे लिहा की तुम्ही दोघं एरवी काय करता. एकीबरोबर लायब्ररीतून निघून मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमधे, जेवता, एकाबरोबर इजार नदीच्या काठाने सायकल, वेगेमधल्या, म्हणजे शेअर केलेल्या फ्लॅटमधल्या, रूममेटबरोबर रविवारी उशिरा नाश्ता. शेवटच्या भेटीतही तेच करायचं. खास म्हणून महागड्या रेस्टॉरंटमधे गेलं की दोघंही अवघडून बसतात आणि बोलायचं ते राहूनच जातं.

जर्मन मित्रांना सगळ्यात आधी विचारा. त्यांची कॅलेंडरं तीन-तीन आठवडे आधी भरलेली असतात आणि त्यात बायर्न राज्यातल्या शाळांची सुट्टी ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे ऑफिसातले, लॅबमधले लोक, प्रोफेसर, मुलंबाळं असलेले शेजारी सगळे बाहेर गेलेले असू शकतात. "बघू, भेटू कधीतरी" असं म्हटलंत तर भेट होणार नाही. तारीख, वेळ आणि जागा ठरवूनच फोन ठेवा. आपली भारतीय गँग, किंवा माझ्या अनुभवात इटालियन, तुर्की, ब्राझीलची मंडळी, यांना संध्याकाळी पाचला मेसेज टाकला तरी सातला दारात असतात. म्हणून त्यांच्यासाठी काही संध्याकाळी मुद्दाम रिकाम्या ठेवा, त्या भरू नका.

२. कागदपत्रांना आठवड्यातला एकच दिवस

मंगळवार घ्या, बुधवार घ्या, पण एकच. त्या दिवशी फक्त हेच काम, बाकी दिवशी त्याचा विषय नाही. आणि एखादा मित्र सोबत घ्या, विशेषतः तो जो पुढच्या वर्षी परत जाणार आहे. त्याला माहिती मिळते, तुम्हाला सोबत मिळते आणि काम झाल्यावर दोघं कुठेतरी कॉफी पिता.

घराची नोटीस एव्हाना दिलेली असेल असं धरते, कारण साधारण भाडेकरारात ती तीन महिन्यांची असते आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत लेखी पोचावी लागते. राहिली असेल तर घरमालकाशी आजच बोला आणि तुमच्या जागी येणारा भाडेकरू शोधून द्यायची तयारी दाखवा. मालकावर तो स्वीकारायचं बंधन नसतं, पण म्युनिकमधे घरांची इतकी मारामारी आहे की माणूस लगेच मिळतो आणि बरेच मालक ऐकतात.

आबमेल्डुंग, म्हणजे शहर सोडल्याची नोंद, घर सोडायच्या फार तर एक आठवडा आधी करता येते आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत करावी लागते. म्हणजे हे काम शेवटच्या आठवड्यातच येणार, ते कितीही मनात असलं तरी आधी उरकता येत नाही. म्हणून बाकीचं सगळं त्याच्या आधी संपवा. आबमेल्डुंगचं प्रमाणपत्र जपून ठेवा आणि स्कॅन करा, रुंडफुंकची, म्हणजे रेडिओ-टीव्हीची, फी थांबवायला तेच लागतं. ती फी घरटी महिना १८.३६ युरो असते आणि तुमच्या नावावर असेल तर तुम्ही निघून गेलात हे कळवेपर्यंत चालूच राहते. वेगेमधे राहत असाल तर ती दुसऱ्याच्या नावावर करून जा, नाहीतर मागे राहिलेल्यांना पत्रं येत बसतात.

डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर लोकल-रीजनल गाड्यांत चालणारं महिन्याचं तिकीट, काढलं असेल तर रद्द करायची तारीख लक्षात ठेवा: महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं तर त्या महिन्याच्या अखेरीस बंद होतं, ११ तारखेला केलं तर पुढच्या महिन्याचे पण जातात. जानेवारी २०२६ पासून पूर्ण किंमत ६३ युरो आहे, म्हणजे उगाच घालवायची रक्कम नाही.

बँक खातं मात्र बंद करू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. डिपॉझिट तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी येतं, आणि हीटिंग-पाण्याचा हिशोब पाठवायला मालकाला ते हिशोबाचं वर्ष संपल्यावर १२ महिने मिळतात, तोपर्यंत डिपॉझिटमधला थोडा भाग तो ठेवू शकतो. खातं बंद केलंत तर ते पैसे मागवताना नाकी नऊ येतात. त्याच कारणाने जर्मन नंबरही चालू ठेवा, महिन्याचा प्लॅन तोडून त्याच नंबरावर साधं प्रीपेड घ्या, बँकेचे कोड त्यावर येतात.

युनिव्हर्सिटीतून मार्कशीट आणि डिग्रीच्या सही-शिक्क्याच्या प्रती चार-पाच जास्तीच्या घ्या, भारतातून मागवणं फार वेळखाऊ आहे. युनिव्हर्सिटीचा ईमेल नाव कमी झाल्यावर काही काळाने बंद होतो, तर ज्या ज्या ठिकाणी तो ईमेल देऊन लॉगिन केलंय तिथे बदला आणि ड्राइव्हमधले फोटो काढून घ्या. दोन वर्षांचे ग्रुप फोटो, फील्ड ट्रिपचे व्हिडिओ तिथेच पडलेले असतात.

हेल्थ इन्शुरन्स चालू आहे तोवर दाताच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन या. अपॉइंटमेंट मिळायला आठवडे लागतात, म्हणून आत्ताच फोन करा.

आणि एक गोष्ट ज्यांचं "जातोय, पण कदाचित परत येईन" असं चाललंय त्यांच्यासाठी: रेसिडेन्स परमिट असताना सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर साधारणपणे ते आपोआप रद्द होतं. मनात शंका असेल तर निघायच्या आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसला लेखी विचारा. ज्यांचं नक्की जायचं ठरलंय त्यांनीही परमिटची तारीख विमानाच्या तारखेच्या पुढची आहे ना हे आज बघा.

३. सामान विकू नका फार, देऊन टाका

सायकल, मॉनिटर, चांगलं टेबल हे क्लाइनआनत्साइगन या जुन्या सामानाच्या साइटवर विका, ठीक आहे. पण पाच युरोच्या दिव्यासाठी तीन दिवस मेसेज-मेसेज खेळण्यात शेवटचे दिवस घालवू नका. तुम्ही निघताय तेव्हाच ऑक्टोबरच्या सेमिस्टरला नवीन पोरं उतरत असतात, पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून, आणि त्यांच्याकडे दोन बॅगा सोडल्या तर काहीच नसतं. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, रजाई, राउटर हे सगळं त्यांना द्या. म्युनिकमधे असे कुकर आहेत जे कोणी आणले हे आता कोणालाच माहीत नाही, सीनियरकडून ज्युनिअरकडे फिरत आलेत. शिट्टी आणि रिंग तेवढी तपासून द्या.

आणि देताना घरी बोलवून द्या, जेवायला घाला, तुमच्या रूममेटची ओळख करून द्या. नवीन माणसाला शहरात पहिली ओळख मिळते आणि तुमच्या रूममेटला कळतं की ताटं कोणाकडे गेली.

उरलेलं चांगलं सामान वेर्टश्टोफहोफवर, म्हणजे महापालिकेच्या रिसायकलिंग सेंटरवर, "अजून वापरता येईल" असं सांगून द्या. त्यातलं बरंच शहराच्या पासिंगमधल्या हाले २ या सेकंडहँड दुकानात विकायला जातं. पुस्तकं, कप वगैरे घराबाहेर खोक्यात "फुकट घ्या" असं लिहून ठेवायची पद्धत आहे, पाऊस नसेल त्या दिवशी ठेवा आणि संध्याकाळी उरलेलं परत आत घ्या. रिकाम्या बाटल्या विसरू नका, एकदाच वापरायच्या पेट बाटलीला २५ सेंट आणि बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट परत मिळतात, वेगेच्या बाल्कनीत साठलेल्या बाटल्यांमधून एका नाश्त्याचा खर्च आरामात निघतो.

४. फिरायचं असेल तर कमी, आणि एक तरी जुनी जागा

शेवटच्या महिन्यात पॅरिस, प्राग, रोम सगळं कोंबायचा मोह होतो. माझं स्पष्ट मत आहे, नको. एअरपोर्टच्या रांगेत आणि हॉस्टेलच्या बंक बेडवर दिवस जातात, आणि पॅरिसला भारतातून पुढेही जाता येईल, पण तुमचे हे आठ-दहा जण एकाच शहरात एकाच वेळी परत असणार नाहीत. डॉइचलांडटिकेटवर एका दिवसात होणाऱ्या दोन-तीन ट्रिप ठेवा, बास. हे तिकीट रीजनल गाड्यांमधे चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांमधे नाही.

कोएनिगजे हे डोंगरातलं तळं अजून बघितलं नसेल तर ते करा. फ्रायलासिंगला गाडी बदलून बेर्खतेसगाडेन, तिथून बस. तळ्यावरच्या बोटी १९०९ पासून विजेवर चालतात त्यामुळे पाण्यावर आवाजच नसतो, आणि मधे नावाडी बोट थांबवून तुतारी वाजवतो आणि समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी येतो, तेव्हा अख्खी बोट गप्प होते. सांक्ट बार्थोलोमे या तळ्याकाठच्या चर्चपाशी उतरून गर्दीपासून थोडं पुढे चालत जा. सकाळी पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकडा, उशिरा गेलात तर रांगेतच दुपार होते.

कमी दमायचं असेल तर आंडेक्स: एस८ या लोकलने हेर्शिंग, तिथून कीनटालच्या झाडीतून तासाभराची चढण, वर मठ आणि मठाची बिअर. बोलत चालायला इतकी चांगली वाट दुसरी नाही, रुंद आहे, दोघं-तिघं शेजारी चालू शकतात. न पिणाऱ्यांसाठी लिंबूपाणी-सरबत आहे, काळजी नको.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंतही हेच तिकीट चालतं, पण सीमेवर तपासणी असते, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही खिशात हवीत, फोटो चालत नाही.

आणि डाखाऊ. खूप जण वर्षानुवर्षं म्युनिकमधे राहतात आणि एस२वरच्या या स्टेशनला उतरतच नाहीत. १९३३ मधे सुरू झालेली ही नाझींची छळछावणी, स्मारकाला प्रवेश फुकट आहे, स्टेशनवरून ७२६ नंबरची बस. एखाद्या अशा मित्राबरोबर जा ज्याच्याबरोबर शांत राहता येतं, आणि त्या संध्याकाळी दुसरा कार्यक्रम ठेवू नका.

शहरात असताना रविवार वाया जातो असं वाटतं कारण दुकानं बंद. आल्टे पिनाकोटेक हे चित्रांचं म्युझियम रविवारी १ युरोत बघता येतं, तिथे ड्यूरर या चित्रकाराचं १५०० सालचं स्वतःचं चित्र आहे, ते एक बघून बाहेर पडलात तरी चालेल. मग ऑलिंपियाबेर्ग, म्हणजे युद्धातल्या ढिगाऱ्यांवर उभी केलेली टेकडी, सूर्यास्ताला. खाली १९७२च्या ऑलिंपिकचं तंबूसारखं छत दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर आल्प्स. तिथूनच ऑलिंपिक गावातल्या विद्यार्थ्यांच्या छोट्या बंगल्यांच्या गल्लीतून चालत या, राहणाऱ्यांनी स्वतः रंगवलेल्या भिंती आहेत, आणि ज्याचा मित्र तिथे राहतो त्याने एक भिंत रंगवायला हात लावून जावं, विचारा नक्की, बहुतेक हो म्हणतात.

५. बिअरगार्टनमधे आपलं जेवण

हे मी निरोपासाठी सगळ्यात चांगलं मानते. पारंपरिक बिअरगार्टनमधे, म्हणजे झाडांखाली बाकं मांडलेल्या बिअरच्या बागेत, जिथे टेबलावर चादर नसते तिथे आपलं खाणं घेऊन जाता येतं, फक्त पेयं तिथून घ्यायची. हिर्शगार्टन सगळ्यात मोठं, आठेक हजार लोकांची बसायची जागा, त्यामुळे वीस जण आले तरी टेबल मिळतं. थालीपीठं, दही, शेंगदाण्याची चटणी, कोथिंबीर वड्या, एखादा डबा मसालेभात. जर्मन मित्र ओबाट्सदा (चीजची चटणी) आणि ब्रेत्सेल (खारा पाव) आणतात, त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी लावून बघा, खरंच छान लागते. हॉल भाड्याने घ्यावा लागत नाही, घर आवरावं लागत नाही, शेजारी तक्रार करत नाहीत, आणि ज्याला लवकर जायचंय तो ट्रामने निघू शकतो.

मोठी भेट एकच ठेवा आणि ती निघायच्या दहा-बारा दिवस आधी. निघायच्या आदल्या रात्री ठेवली की तुम्ही बॅगेच्या वजनाच्या टेन्शनमधे असता. आधी ठेवली तर जे येऊ शकले नाहीत त्यांना भेटायला नंतर दिवस उरतात.

वेर्कश्टुडेंट म्हणून, म्हणजे शिकता शिकता पार्ट-टाइम, नोकरी केली असेल तर लक्षात ठेवा, ऑफिसमधे निघणाऱ्यानेच केक आणायची पद्धत आहे. टीमला तारीख आधी कळवा. आणि बॉसकडून नोकरीचं लेखी प्रशस्तिपत्र मागायला लाजू नका, ते मागणं तिथे अगदी नेहमीचं आहे.

६. गणपती आणि ओक्टोबरफेस्ट

तारखा जुळल्या तर मराठी मंडळाच्या गणपतीला तुमच्या अमराठी मित्रांना घेऊन जा. आधी मंडळाला विचारा, जेवणाची नोंदणी असते. आरतीचे शब्द रोमन लिपीत छापून नेले तर टाळ्यांबरोबर तेही म्हणतात. लेझीम असेल तर त्यांना पुढे ढकला, मागे उभे राहून मोबाइलवर शूट करण्यापेक्षा हातात लेझीम घेतलेला माणूस तो दिवस वर्षानुवर्षं सांगतो.

ओक्टोबरफेस्ट, म्हणजे म्युनिकची बिअरची मोठी जत्रा, सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी सुरू होतो. प्रवेश फुकट, एक लिटर बिअर पंधरा युरोच्या आसपास. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला गेलात तर रिझर्वेशनशिवाय तंबूत बाक मिळतो, शनिवारी विसरा. तीन लिटरपेक्षा मोठी बॅग आत सोडत नाहीत. आईबाबा पदवीदानाला किंवा तुम्हाला न्यायला येणार असतील तर त्यांना या दिवसांत बोलवू नका, हॉटेलं परवडत नाहीत.

७. एक पदार्थ शिकवून जा, एक शिकून जा

रूममेटला पोहे आवडतात ना, मग तुम्ही करून वाढू नका, तिला करायला लावा आणि तुम्ही शेजारी उभे राहा. जाडे पोहे, मोहरी, कढीपत्ता कुठे मिळतो ते दाखवा, हाउप्टबानहोफच्या, म्हणजे मेन स्टेशनच्या, दक्षिणेला लांडवेअरश्ट्रासेच्या आसपास दुकानं आहेत, तिथे एकदा हात धरून न्या. प्रमाण चमच्यात नाही तर ग्रॅममधे लिहून फ्रिजवर लावा, जर्मन स्वयंपाकघरात वजनकाटा असतोच. तिच्या आजीचं बटाट्याचं सॅलड तुम्ही तसंच शिकून घ्या. तिने भाजी कापत बोलताना पाच मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा, तिला विचारून. फोटो हजार असतात, आवाज कोणाकडेच नसतो.

८. घर ३० तारखेला सोडा, विमान दोन तारखेचं घ्या

ही या सगळ्यातली माझी सगळ्यात ठाम सूचना आहे. चावी दिली त्याच दिवशी विमान असेल तर मित्र मदतीला येतात आणि तुम्ही त्यांच्याशी खिळ्यांच्या भोकांबद्दलच बोलता. भोकं बुजवणं, भिंत पांढरी करणं, ओव्हन घासणं हे शेवटच्या आठवड्यात दोन-तीन मित्रांबरोबर करा, गाणी लावा, शेवटी पिझ्झा मागवा. चावी देताना घर कसं सोडलं याचा कागद मालकाबरोबर दोघांच्या सहीने करा, त्यात मीटरचे आकडे आणि किती चाव्या दिल्या ते लिहा, प्रत्येक खोलीचे फोटो काढा. डिपॉझिट कुठल्या खात्यात टाकायचं तो नंबर त्याच कागदावर लिहा. आणि एका मित्राला साक्षीला उभं करा, ज्याचं जर्मन चांगलं आहे त्याला.

मग दोन रात्री मित्राकडे, जमिनीवर गादी टाकून. पोस्टाच्या पेटीवरची नेमप्लेट काढलीय, काही आवरायचं नाही, कुठे फोन करायचा नाही. या दोन दिवसात काहीही ठरवू नका. स्प्लिटवाइज अॅपवरचा एकमेकांचा हिशोब मात्र त्याच्या आधी मिटवा, कोणाचे सतरा युरो राहिले हे एअरपोर्टवर बोलायला नको. टपाल दुसऱ्या पत्त्यावर पाठवायची पोस्टाची सेवा आहे, पैसे पडतात पण घ्या, आणि पत्ता म्हणून असा मित्र निवडा जो पुढचं वर्षभर तिथेच राहणार आहे आणि पाकीट उघडून फोटो पाठवेल.

एअरपोर्टला एस८ने जायला मेन स्टेशनपासून पाऊण तास लागतो. रविवारी रुळांची कामं काढतात, आदल्या रात्री अॅपवर बघा. सोबत दोघं-तिघंच येऊ देत, बाकीच्यांना घरीच निरोप द्या, चेक-इनच्या रांगेत वजन कमी करायला बॅग उघडावी लागली तर जास्तीचं सामान परत नेणारं कोणीतरी लागतं.

९. पोचल्यावर

म्युनिकच्या मित्रांबरोबर फोनची वेळ निघायच्या आधीच ठरवून या. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेचार तास. रविवारी त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले साडेसहा किंवा साडेसात, दोन्ही बाजूंना जमतं. पहिल्या महिन्यात रोज बोलणं होतं आणि तिसऱ्या महिन्यात एकदम थांबतं, ठरलेली वेळ असली की थांबत नाही.

पगारातून टॅक्स कापला गेला असेल तर रिटर्न भरा, स्वतःहून भरायला चार वर्षांची मुदत आहे आणि विद्यार्थ्यांना बहुतेकदा बरेच पैसे परत मिळतात. पेन्शनचे पैसे कापले गेले असतील आणि पाच वर्षांपेक्षा कमी भरले असतील तर युरोप सोडल्यावर, कापणं बंद झाल्यापासून २४ महिन्यांनी, तुमच्या वाट्याचे परत मागता येतात. त्यासाठी पेन्शन नंबरचं पत्र लागतं. ते पत्र आत्ता कुठल्या फाइलमधे आहे ते बघा, आणि विमानात हातातल्या बॅगेत ठेवा.